मंगळवारची गाडी

वस्तू आपणहून हरवत नाही. तिला कोणीतरी विसरतं, टाकतं, नाहीतर उचलतं. बसगाड्यांच्या मुख्य आगारात हरवलेल्या सामानाच्या खिडकीमागे एकोणीस वर्षं बसून मी एवढं शिकले आहे. खिडकीसमोर माणसं येतात आणि म्हणतात, "ताई, माझी काळी छत्री." काळी छत्री! माझ्या मागच्या फळीवर एका वेळी एकतीस काळ्या छत्र्या पडलेल्या असतात. मग मी माझे तीन प्रश्न विचारते. वस्तू कशी आहे? कुठे आणि कधी राहिली? आणि ती तुमचीच कशावरून? तिसऱ्या प्रश्नाला खरा मालक एखादी खूण सांगतो, दांड्यावर माझ्या नातवाच्या दातांचे व्रण आहेत म्हणतो. खोटा माणूस घड्याळाकडे बघायला लागतो. ऑफिसातले लोक मला पाठीमागे 'फौजदारीणबाई' म्हणतात. मला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

आणि अशा बाईच्या जिन्याखालून तिच्या मुलीचा वॉकर गेला.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. जन्मापासून तिचे पाय ताठ आहेत आणि डावा हातही जरा अडखळतो. कमरेच्या वर मात्र ती क्षणभर स्वस्थ बसत नाही, म्हणून तिचे बाबा तिला भिंगरी म्हणतात आणि आता सगळेच म्हणतात. तिचा वॉकर निळ्या रंगाचा, ॲल्युमिनियमचा, पाठीमागून आधार देणारा. चार चाकं, त्यातली मागची दोन उलटी फिरत नाहीत, म्हणजे पोर मागे कोसळत नाही. तिच्या उंचीचा तो बनवून मिळायला आम्ही अकरा महिने थांबलो होतो.

पुढच्या सोमवारी ती नव्या शाळेत जाणार होती, नेहमीच्या मुलांच्या शाळेत. मुख्याध्यापिकाबाईंनी एकच अट घातली होती. पोर कशानेही येऊ दे, पण गेटपासून वर्गापर्यंत कोणी धरून आणायला लागू नये, कारण त्यांच्याकडे मदतनीस नाही. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन ते अंतर भिंगरीच्या पावलांनी मोजून आले. चौऱ्याण्णव पावलं. मग रोज संध्याकाळी आमच्या इमारतीच्या बोळात सराव. आदल्या रविवारी तिने चौऱ्याण्णव पुरी केली. अकरा मिनिटं लागली, आणि नंतर ती वहीवर डोकं ठेवून झोपली. मी कॅलेंडरवर लाल पेनाने ९४ लिहिलं आणि त्याच्याभोवती गोल काढला.

घरात एक चाकाची खुर्चीसुद्धा होती. थेरपी केंद्रातल्या बाईंनी ती वापरायला दिली होती. "लांबच्या अंतरासाठी असू दे, तिची दमछाक वाचेल," असं त्या म्हणाल्या होत्या. मी ती कपाटामागे घडी घालून ठेवली आणि वर चादर टाकली. खुर्चीत बसलेलं मूल कायमचं बसतं, असं माझं ठाम मत होतं. केंद्रातल्या बाईंना काय, त्यांना संध्याकाळी घरी जायचं असतं.

बुधवारी पाच वाजता मी कामावरून आले तेव्हा जिन्याखालची जागा रिकामी होती.

रोजचा क्रम असा. दुपारी तीनला केंद्राची गाडी भिंगरीला आणून सोडते. गाडीवरची बाई वॉकर जिन्याखाली ठेवते, आकड्यांचं सायकलचं कुलूप लावते आणि भिंगरीला शेजारच्याच खोलीत शिवणकामवाल्या मावशींकडे बसवते. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. मी येईपर्यंत ती मावशींकडे बसते, बटणं निवडते, चिंध्या कापते.

कुलूप तिथेच होतं, साखळीसकट. तोडलेलं नव्हतं, उघडलेलं होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली. आकडा माहीत असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

"भिंगरे, कोणी वॉकर नेताना पाहिलंस का तू?"

"मी कोणालाच नेताना पाहिलं नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा घामेजला होता. तळहात काळे झाले होते, पायजम्याचे दोन्ही गुडघे मळून एक फाटला होता.

मी मावशींकडे वळले. "हिला जमिनीवर रांगायला सोडलं होतंत?"

मावशींच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढल्या. मला उगीच वाटलं, ही बाई वेळ काढते आहे. "पडद्याआड एका बाईंचं माप घेत होते," त्या म्हणाल्या. "पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. बाहेर आले तर ही दारात बसलेली. मला वाटलं, खेळतेय."

"आणि वॉकर?"

"माझं लक्ष नव्हतं हो."

लक्ष नव्हतं! याच मावशी महिन्यापूर्वी म्हणाल्या होत्या की बोळात त्या चाकांची खडखड सुरू झाली की माझी शिवण वाकडी होते. मी ते विसरले नव्हते. मी काहीच विसरत नाही, तो माझा धंदा आहे.

मी केंद्रात फोन केला. बाईंनी आणखी भर घातली. गेल्या दोन महिन्यांत त्यांच्या मुलांच्या दोन वस्तू चोरीला गेल्या होत्या: अंगणातून एक पट्ट्याने बांधून बसायची तीनचाकी सायकल आणि गाडीच्या मागच्या सीटवरून एका मुलाचे पायाला आधार देणारे ब्रेस. ब्रेस चोरून कोण काय करणार? दुसऱ्या कुठल्याही पायात ते बसत नाहीत. "लोक बघतच नाहीत हो काय उचलतोय ते," बाई म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारला चार दिवस उरले होते आणि दुसरा वॉकर लगेच मिळणार नव्हता.

गुरुवारी मी रजा टाकली आणि भंगारवाल्याला गाठलं. ॲल्युमिनियम म्हटलं की त्याचे डोळे चमकतात, हे मी स्वतः पाहिलं होतं. कोपऱ्यावर त्याची हातगाडी उभी होती आणि पोत्याखालून एक नळी डोकावत होती.

"हे काय आहे?"

"कपडे वाळत घालायचा स्टँड, ताई."

"काढा बाहेर."

त्याने काढला. स्टँडच होता. माझं समाधान झालं नाही. मी सगळी गाडी रिकामी करायला लावली: पत्र्याचे डबे, पंख्याची पाती, एक मोडका नळ, रद्दीचे गठ्ठे. रस्त्यावर बघ्यांचा घोळका जमला. भंगारवाला निमूटपणे एकेक वस्तू खाली ठेवत होता. शेवटी म्हणाला, "ताई, तुमची पोरगी मला येता-जाता हाक मारते. मी तिची गाडी घेईन होय?" चोर असंच बोलतात, असं मी मनात म्हटलं आणि पोलीस चौकीत जाऊन त्याचं वर्णन लिहून दिलं. त्याचं सामान त्यालाच परत भरायला लागलं. आता ते आठवलं की मला मान वर करवत नाही.

शुक्रवारी माझा संशय घरात शिरला.

भिंगरीचे बाबा बेकरीत कामाला आहेत, पहाटे जातात आणि दुपारी दोनला मोकळे होतात. आकडा त्यांना माहीत. आणि खुर्चीची बाजू पहिल्यापासून त्यांनीच घेतलेली. "दे ना तिला, कपाटामागे काय पूजा घालायची आहे का तिची," असं मला दर आठवड्याला ऐकायला मिळायचं. दोन आणि दोन जुळले.

"बुधवारी तीन ते पाच तुम्ही कुठे होतात?"

ते बूट काढत होते. एक पाय बुटात आणि एक बाहेर, तसेच थांबले. "मला विचारतेस?"

"कुठे होतात?"

"भट्टीची साफसफाई होती. फोन करून विचार मालकाला." मग हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "अगं, मला चोरायचाच असता तर तो आला त्याच दिवशी चोरला असता. मला तो कधीच आवडला नाही. पण तुझ्या वाटेला जायची माझी टाप आहे का?"

मी खरंच बेकरीत फोन केला. भट्टीची साफसफाई होती. त्या रात्री ते माझ्याशी बोलले नाहीत. भिंगरी ताटावर बसून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, वॉकर गेल्याच्या दुःखात आहे बिचारी. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आई शोधून काढेल हं," मी म्हटलं. ती काहीतरी बोलणार होती, पण तिने तोंडात घास घातला.

म्हणजे उरल्या मावशी. शनिवारी सकाळी मी त्यांच्या दारात उभी राहिले आणि गिऱ्हाइकांसमोर माझे तीन प्रश्न विचारले. कुलपाचा आकडा तुम्हाला माहीत आहे का? आहे. चाकांच्या आवाजाचा त्रास होतो असं तुम्ही म्हणाला होतात का? म्हणाले होते. मग माझ्या मुलीचा वॉकर कुठे आहे?

मावशींनी मशीन थांबवलं. तीन वर्षं ही बाई माझ्या मुलीला एक पैसा न घेता सांभाळत होती, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. आठवलं नाही.

"तुम्ही आता जा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "सोमवारपासून पोरीला बसवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझं दार उघडंच असेल."

हेसुद्धा मला कावेबाजपणाचं वाटलं. डोळ्यांवर एकदा तो चष्मा चढला की सरळ माणूसही तिरका दिसतो.

सोमवारी दुसरा इलाज नव्हता. कपाटामागून खुर्ची काढली. पुसताना मी चारदा तरी डोळे पुसले. हे सगळं माझ्या नाकावर टिच्चून कोणीतरी केलं होतं आणि माझी पोर आता बसलेलीच राहणार होती. शाळेच्या गेटपाशी मी तिला सूचना देत होते, हळू जा, भिंतीच्या कडेने जा, घाबरू नकोस, आणि एवढ्यात ती गेलीसुद्धा. चाकांवर तिचे हात झपाझप पडत होते. डावा मागे राहायचा तेव्हा खुर्ची थोडी तिरपी व्हायची, ती लगेच सरळ करायची. मी घड्याळ लावलं होतं. दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत. वर्गाच्या दारात तिने मागे वळूनही बघितलं नाही. संध्याकाळी तिने वहीची अडीच पानं भरून आणली होती आणि जिना चढेपर्यंत तिची बडबड चालू होती. मी फक्त "हं, हं" करत होते. माझं डोकं चोरात होतं.

मंगळवारी आगारात लांबच्या टोकाची गाडी आली. हे आमच्या कामाचं एक रडगाणं आहे. आमच्या घरासमोर एका मार्गाचा शेवटचा स्टॉप आहे. तिथून सुटणाऱ्या बस शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या आगारात जातात. त्या बसमध्ये राहिलेलं सामान ते लोक रोज पाठवत नाहीत, आठवडाभर साठवतात आणि मंगळवारी दुपारी एका टेम्पोत भरून माझ्याकडे ढकलतात. बुधवारी छत्री विसरलेला माणूस सहा दिवस माझ्या खिडकीवर डोकं आपटतो. यावर मी घरी जेवताना वर्षानुवर्षं बोटं मोडत आले आहे.

टेम्पोतून पोती उतरली, दोन सुटकेसा उतरल्या, एक गिटार उतरली. आणि तिच्यामागून निळा वॉकर.

मी त्याला लावलेली चिठ्ठी वाचली. बुधवार, तीन वीसची बस, मधल्या दाराजवळ. शेरा: 'खांबाला बांधलेला होता. गाठ सुटेना म्हणून पट्टी कापली.'

डाव्या हँडलला ती पट्टी अजून लटकत होती. लाल सुती कापडाची, काठाला नागमोडी कापलेली. तशी नागमोडी कात्री आमच्या गल्लीत एकाच बाईकडे आहे. मला काय आनंद झाला! सापडलीस, मी मोठ्याने म्हणाले. चोरून नेला, बसमध्ये बांधला, पार दुसऱ्या टोकाला पाठवून दिला. आता दारात उभी राहून ही पट्टी तिच्या तोंडासमोर धरते. मी पट्टी हातात घेतली आणि गाठ पाहिली.

दोन फासे, सशाच्या कानांसारखे. डावा कान मोठा आणि ढिला, उजवा बारीक आणि घट्ट. आणि ते दोन्ही कान पुन्हा एकमेकांत गुंतवून वर तिसरी गाठ मारलेली.

ही गाठ बसवायला केंद्रात सव्वा वर्ष लागलं होतं. डावा हात ओढत नाही म्हणून तो फासा नेहमी मोठा राहतो आणि सुटतो, म्हणून वरची जास्तीची गाठ तिने स्वतः शोधून काढली. तिच्या बुटांवर मी ती रोज बघते. जगात दुसरं कोणी तशी गाठ मारत नाही.

मी स्टुलावर बसले. खिडकीवर कोणीतरी टकटक करत होतं, मी बघितलं नाही. सगळं एकेक करून समोर यायला लागलं. काळे तळहात. फाटलेला गुडघा. 'मी कोणालाच नेताना पाहिलं नाही.' खरंच होतं ते. आणि बुधवार! मंगळवारचा टेम्पो नुकताच होऊन गेलेला. बुधवारी बसमध्ये ठेवलेली वस्तू सोमवारची शाळा उलटल्याशिवाय माझ्या हाती लागणार नाही, हे त्या चिमुरड्या डोक्याने मोजलं होतं. आमच्या मंगळवारच्या गाडीची माहिती आगाराबाहेर कोणाला असेल? जो रोज माझ्यासमोर बसून जेवतो त्यालाच.

खिडकीमागच्या माणसालाही आपल्या घरची वस्तू लगेच ताब्यात घेता येत नाही, आधी मालकाला विचारून नोंद पुरी करावी लागते. नियम मीच बनवलेला आहे. वॉकर फळीवर ठेवून मी घरी आले.

भिंगरी मावशींच्या खोलीत खुर्चीत बसून बटणं निवडत होती. सोमवारी मी तिला निमूटपणे तिथेच सोडलं होतं, दुसरीकडे नेणार तरी कुठे? मी दारातच उभी राहिले. आत जायचं तोंड नव्हतं.

"मावशी," मी म्हटलं, "माझी चूक झाली. मोठी चूक झाली. मी तुमच्यावर नको नको ते बोलले."

मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या नाहीत. नुसती मान हलवली, पण स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. मी बसले. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"आला?"

"आला."

"मोडला नाही ना? घट्ट बांधला होता मी. नाहीतर बसमध्ये कोणाच्या तरी पायावर गेला असता."

"कसं केलंस गं तू?"

आता तिला कोण आवरणार! तीन वीसची बस सात मिनिटं रिकामी उभी असते, ड्रायव्हर खाली उतरून पाय मोकळे करतो. मावशी पडद्याआड गेल्या तसं तिने रोज बघून पाठ झालेल्या आकड्याने कुलूप काढलं. दारापासून स्टॉपपर्यंत वॉकरने एकोणीस पावलं, बसचं मधलं दार फुटपाथच्या उंचीचं, वॉकर आत ढकलला, खांबाला धरून बांधला. मग ती बसमधून बसूनच खाली उतरली आणि परत आली ती हातांवर आणि गुडघ्यांवर. "मध्ये एक कुत्रा होता, तो बाजूला झाला," ती म्हणाली. "हरवायचा नव्हता मला. तुझ्याकडे सगळं नीट राहतं ना, म्हणून तुझ्याकडेच पाठवला."

"अगं, पण का?"

"चौऱ्याण्णव झाली की तू टाळ्या वाजवतेस. मला तेव्हा ओकारी येत असते." ती एक बटण बोटांत फिरवत होती. "नंतर मला पेन्सिल धरता येत नाही. तुला सांगितलं होतं मी. तू म्हणालीस, सवय होईल."

म्हणाले होते. किती वेळा म्हणाले होते कोण जाणे.

"बाबांना ओरडलीस तेव्हा मी सांगणार होते," ती म्हणाली. "भंगारवाल्या काकांचं सामान पण रस्त्यावर काढलंस. मला रडू आलं. तू सगळ्यांना तुझे प्रश्न विचारलेस. मलाच का नाही विचारलेस?"

खोटं बोलणं शक्य होतं. पण समोर बसलेली पोर माझ्याच खिडकीवर शिकलेली होती.

"तुला हे जमेल असं मला वाटलंच नाही," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली आणि बटण डब्यात टाकलं. ती चिडली नव्हती, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं. एकोणीस वर्षांत मी देवळातल्या पुजाऱ्यापासून शाळेच्या मास्तरांपर्यंत प्रत्येकाकडे संशयाने पाहिलं, आणि माझ्या स्वतःच्या मुलीला एका चोरीच्यासुद्धा लायकीची समजले नाही.

"आता विचार," ती म्हणाली.

"काय?"

"तीन प्रश्न. नोंद करायची असेल ना तुला?"

मी डोळे पुसले. "वस्तू कशी आहे?"

"निळी. उजव्या मागच्या चाकाला माझा केस अडकलाय, तो निघत नाही."

"कुठे आणि कधी राहिली?"

"बुधवारी, तीन वीसच्या बसमध्ये, मधल्या दाराजवळ."

"आणि तुझीच कशावरून?"

तिने मान हलवली. "माझी नाहीच आहे ती, आई. तुझी आहे. तू मागितलीस, तू थांबलीस, तू पावलं मोजतेस." मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाली, "पण आण हं घरी. दात घासायला उभं राहायला लागतो मला. शाळेत नको, बस्स."

मावशींनी मशीन पुन्हा सुरू केलं.

बुधवारी जाताना कोपऱ्यावर भंगारवाल्याला थांबवून त्याची माफी मागितली आणि चौकीत जाऊन माझी तक्रार मागे घेतली. नंतर ऑफिसात नोंदवही उघडली. 'वस्तूचा मालक' या रकान्यात आदल्या दिवशी मी भिंगरीचं नाव लिहून ठेवलं होतं. ते एका रेघेने खोडलं, शेजारी माझं लिहिलं आणि वस्तू मिळाल्याची सही केली.